दोन पंप, एक पाइप आणि मी

मी नेमकं काय करतो हे घरच्यांना समजावून सांगायचा नाद मी पीएचडीच्या दुसऱ्या वर्षीच सोडला. "पाण्यात काहीतरी करतो" एवढं आईला पुरतं आणि ते खोटंही नाही. गावात मात्र या वाक्याचा भलताच अर्थ लागला. पोरगं अमेरिकेत पाण्याचं डॉक्टर झालंय म्हटल्यावर विहीर कुठे खणावी इथपासून टाकीला शेवाळ का येतं इथपर्यंत सगळे प्रश्न माझ्याकडे यायला लागले. बहुतेकांची उत्तरं मला येत नाहीत आणि मी तसं सांगतो. पण एकदा एका प्रश्नाचं उत्तर मला येत होतं आणि तेच मी चुकीचं दिलं. आजचं लिखाण त्या उत्तराबद्दल.

आमचं गाव कोल्हापूर जिल्ह्यात, पंचगंगेच्या काठापासून थोडं आत. (गावाचं नाव लिहीत नाही. ओळखणारे ओळखतील, त्यांनी कृपया गप्प बसावं.) नदीवरून पाणी उचलून शेतात नेणारी सभासदांची एक छोटी पाणीपुरवठा संस्था आहे. त्या भागात अशा संस्था गावोगाव आहेत आणि तिथला ऊस त्यांच्याच जिवावर उभा आहे. माझे थोरले काका, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, त्या संस्थेचे कारभारी. २०२२ च्या मार्चमध्ये त्यांचा फोन आला तेव्हा मी दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडीच्या डिकीत किराणा भरत होतो.

"बाळ, पाळी एकवीस दिवसांवर गेलीया. खालच्या अंगाचा ऊस वाळाय लागलाय. एक पंप हाय, त्येच्या शेजारी तसलाच दुसरा बसवला तर पाणी दुप्पट हुईल न्हवं?"

मी म्हणालो, "हो आबा. पॅरललमध्ये लावले की दोन्हींच्या पाण्याची बेरीज होते. बसवा."

चार मिनिटांचा फोन. त्यातली दोन मिनिटं माझ्या लग्नाचं काय यावर गेली.

हे उत्तर तोंडातून इतक्या सहज का निघालं त्याला एक कारण आहे. त्या महिन्यात माझं काम एका खूप उंच चढाच्या पंपिंग स्टेशनवर चाललं होतं आणि डोक्यात तेच घोळत होतं. तसल्या स्टेशनांचा कॅलिफोर्नियातला राजा म्हणजे एडमन्स्टन पंपिंग प्लान्ट. इंटरस्टेट ५ वरून लॉस अँजलिसकडे निघालात की बेकर्सफील्डच्या पुढे ग्रेपव्हाइनची चढण लागते. तिच्या पूर्वेला, टेहाचपी डोंगराच्या पायथ्याशी हे स्टेशन आहे. उत्तरेकडून कालव्याने आलेलं पाणी इथे १९२६ फूट, म्हणजे जवळपास ५८७ मीटर, एका दमात वर चढवतात. पन्हाळ्याच्या चढाच्या दीडपट म्हणा. १९७१ पासून हे चाललंय. ८०,००० हॉर्सपॉवरचा एकेक, असे चौदा पंप, आणि डोंगराच्या पोटातून वर जाणाऱ्या दोन समांतर वाहिन्या. प्रत्येकीची लांबी साधारण ८४०० फूट, व्यास खालच्या अर्ध्या भागात साडेबारा फूट आणि वरच्या अर्ध्यात चौदा. सगळे पंप लागले की मिनिटाला सुमारे वीस लाख गॅलन पाणी वर जातं.

एवढं पाणी एवढ्या नळातून ढकलायचं म्हणजे घर्षणात बरीच शक्ती जात असेल असं वाटतं. मी वहीच्या एका पानावर हिशोब करून बघितला. पूर्ण प्रवाहाला खालच्या भागात पाण्याचा वेग सेकंदाला साडेपाच मीटरच्या आसपास येतो, आणि घर्षणात जाणारा हेड आठ-दहा मीटर. म्हणजे ५८७ मीटर उंचीपुढे दोन टक्केसुद्धा नाही. तिथे पंपांची सगळी मेहनत डोंगर चढण्यात जाते, पाइपाशी झगडण्यात नव्हे. अशा ठिकाणी सात पंपांचे चौदा केले तर पाणी जवळजवळ दुप्पट होणारच. बेरीज होते हे माझं वाक्य तिथे शंभर टक्के खरं आहे.

पंचगंगेच्या काठी ते खोटं होतं, कारण तिथे डोंगरच नव्हता.

आता थोडं गणित. पळू नका, सूत्र लिहिणार नाही. आकडे आमच्या संस्थेचेच आहेत, वाचायला सोपे जावेत म्हणून थोडे गोल केलेत. नदीच्या पातळीपासून शेतातल्या चेंबरपर्यंत उंची १४ मीटर. दहा इंची एकच पाइपलाइन, आतला व्यास २५० मिलिमीटर, लांबी ३६०० मीटर. ५० हॉर्सपॉवरच्या मोटरवर एक पंप, सेकंदाला ६० लिटर पाणी. जुन्या, जोडांनी भरलेल्या पाइपाला हेझन-विल्यम्सचा गुणांक १३० धरला तर ६० लिटरला घर्षणात २२ मीटर हेड जातो. (आमच्या गाईडसमोर हेझन-विल्यम्सचं नाव काढलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची, डार्सी-वाइसबाखच शुद्ध असं त्यांचं म्हणणं. खरंही आहे. पण पाइपाच्या आत काय माजलंय हेच जिथे कुणी पाहिलेलं नाही तिथे या शुद्धतेचा फारसा उपयोग नसतो.) म्हणजे पंप एकूण ३६ मीटरचा जोर लावतोय आणि त्यातले १४ उंचीसाठी, २२ नुसते पाइपाच्या भिंतींना घासण्यासाठी. दहातले सहा भाग घर्षणाला. एडमन्स्टनमध्ये शंभरातले दोन.

पंप किती पाणी देतो हे पंप एकटा ठरवत नसतो, ही गोष्ट पहिल्या वर्षाच्या मुलांनाही शिकवतात आणि आम्ही ती सगळ्यात आधी विसरतो. पंपाचा एक वक्र असतो: पाणी जास्त मागितलं की त्याचा जोर कमी होतो. पाइपाचाही एक वक्र असतो: पाणी जास्त ढकललं की तो जास्त जोर मागतो. हे दोन वक्र जिथे एकमेकांना छेदतात तेवढं पाणी मिळतं. पाइपाचं मागणं सरळ वाढत नाही, प्रवाह दुप्पट केला की घर्षण साडेतीन पटीच्याही वर जातं. त्या दहा इंची पाइपातून ६० चे १२० लिटर काढायचे तर घर्षणालाच ७९ मीटर लागतात आणि उंची धरून ९३. आमचा पंप व्हॉल्व्ह पूर्ण बंद केला तरी ४६ मीटरच्या वर जोर देत नाही. शेजारी त्याच्यासारखे दहा पंप लावले तरी ४६ चे ४७ होणार नाहीत, कारण समांतर पंपांच्या पाण्याची बेरीज होते, जोराची नाही. पाणी दुप्पट होणं अवघड वगैरे नव्हतं, अशक्य होतं. आणि हे कळायला डॉक्टरेट लागत नाही, एक आलेख कागद लागतो.

मग किती मिळालं? दोन पंपांचा एकत्रित वक्र काढून पाइपाच्या वक्रावर ठेवला की छेद येतो ६९ लिटरवर. ६० चे ६९. प्रत्यक्षातही तेवढंच आलं, चेंबरवरच्या पाटकऱ्याला तर फरकच जाणवला नाही. आठ तासांच्या विजेत सगळ्यांना वाटलं होतं की रोज साडेआठ एकर जादा भिजेल, भिजू लागलं सव्वा एकर. प्रत्येक पंप आता ३५ लिटरच्या आसपास, स्वतःच्या सोयीच्या प्रवाहापासून खूप अलीकडे, गुरगुरत चालत होता. वीज मात्र तासाला ३३ युनिटांच्या जागी ५५ जळू लागली. हजार लिटरमागे ०.१५ युनिट लागायचं ते ०.२२ वर गेलं. सभासदांनी यासाठी एकरी वर्गणी काढली होती. त्यातल्या काहींनी ती सोसायटीचं कर्ज काढून भरली होती, आणि वाळणाऱ्या खालच्या अंगाचे सभासदच त्यात जास्त होते. आबांनी मीटिंगमध्ये माझं नाव घेऊन सांगितलं होतं की पोरानं करा म्हटलंय.

हे मला कुणी रागावून सांगितलं नाही. आबांनी तर विषयच काढला नाही. डिसेंबर २०२३ मध्ये सुट्टीवर गेलो तेव्हा जॅकवेलवर सहज फिरायला गेलो आणि दोन पंप शेजारी शेजारी बघून विचारलं, "मग, पाणी झालं का दुप्पट?" आबा म्हणाले, "हाय की, बरं हाय." त्यांच्या 'बरं हाय' म्हणण्याच्या पद्धतीवरून मला सगळं कळलं. रात्री जेवणानंतर वही काढून हिशोब केला, ६९ आलं, आणि झोप उडाली.

सकाळी त्यांना आलेख काढून दाखवला. ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "म्हंजे एका दारातनं दोन म्हशी ढकलल्यागत झालं की रं." मी इतकी वर्षं हा विषय शिकतोय, इतकं नेमकं अजून कुठे वाचलेलं नाही.

दार मोठं करायचं तर काय होतं तेही त्या रात्रीच काढलं होतं. समजा दुसरा पंप घेतलाच नसता आणि त्याऐवजी तसलाच दुसरा दहा इंची पाइप नदीपासून चेंबरपर्यंत समांतर टाकला असता. दोन सारख्या पाइपांत पाणी निम्मं निम्मं वाटलं जातं आणि निम्म्या प्रवाहाला घर्षण निम्मं नाही, २८ टक्केच उरतं. विजेच्या तारांच्या उदाहरणाने शिकवणारे इथे फसवतात. दोन सारखे रोध समांतर लावले तर रोध निम्मा होतो, पाइपांत त्याहून बराच खाली येतो. जुन्या एकाच पंपाने ८५ लिटर दिले असते. नवा पंप शून्य. (मोटर मात्र जवळजवळ पूर्ण भाराला जाते, ॲम्पिअरचा काटा बघत व्हॉल्व्ह उघडायचा. ४० ची मोटर असती तर जळाली असती.)

पण मला खरा धक्का पुढच्या आकड्याने बसला. समांतर पाइप पूर्ण ३६०० मीटर न टाकता निम्माच, १८०० मीटर टाकला तर? एकच जुना पंप, निम्म्या वाटेला जोडपाइप. छेद येतो जवळजवळ ७० लिटरवर. दुसऱ्या पंपाने जेवढं मिळालं तेवढंच पाणी, वीज तासाला ५५ च्या जागी ३५ युनिट. आणि ते १८०० मीटर लाइनच्या कुठल्या भागात टाकायचे याने एकूण पाण्यात काही फरक पडत नाही. सुरुवातीला टाका, शेवटी टाका, मध्ये टाका. जिथे खणायला सोपं आणि भांडण कमी तिथे टाका.

व्यासाबद्दलही आपल्याकडे असाच एक गैरसमज आहे, तो इथेच सांगून टाकतो. औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, जायकवाडीहून पाणी आणणाऱ्या जुन्या वाहिन्या दोन, एक ७०० मिलिमीटरची आणि एक १४०० ची. कुणालाही विचारा, १४०० ची म्हणजे ७०० च्या दुप्पट असं उत्तर येईल. शाळेत भूमिती आवडणारा म्हणेल चौपट, कारण क्षेत्रफळ. दोघेही चूक. समजा सारख्याच लांबीच्या आणि सारख्याच खडबडीतपणाच्या या दोन वाहिन्या एकाच जागी सुरू होऊन एकाच जागी संपताहेत. मग दोघींतली हेडची घट सारखीच असली पाहिजे, कारण एकाच ठिकाणी पाण्याला दोन वेगवेगळे दाब असू शकत नाहीत. ही एकच अट समांतर वाहिन्यांचं सगळं गणित सोडवते: घट सारखी, प्रवाहांची बेरीज. त्या अटीखाली १४०० ची वाहिनी ७०० च्या सहापट पाणी नेते. सात भागांतले सहा मोठीतून, एक लहानीतून. २०२० च्या डिसेंबरात तिथल्या ज्या नव्या योजनेचं भूमिपूजन झालं तिची वाहिनी २५०० मिलिमीटरची. ती याच हिशोबाने १४०० च्या साडेचारपट. व्यासात थोडा हात सैल सोडला की पाणी किती पटीने सैल सुटतं हे ज्याला एकदा कळलं, तो 'आठ इंचीच टाकू, स्वस्त पडतोय' असं म्हणताना दोनदा विचार करेल.

आता माझं मत सांगतो, त्यासाठीच हे लिहायला बसलोय.

आपल्याकडे पाणी योजनेची ओळख हॉर्सपॉवरने होते. "कितीचा पंप हाय?" हा पहिला प्रश्न. पाइप कितीचा हा दुसरा, आणि उंची किती व घर्षण किती हा प्रश्न नाहीच. बिलही बऱ्याच ठिकाणी हॉर्सपॉवरवर ठरत आलं, आणि २०२४ पासून महाराष्ट्रात साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या शेतीपंपांना तेही माफ झालं. शेतकऱ्याला ते मिळालं याचं मला वाईट वाटत नाही. पण घर्षणात जळणारं युनिट कुणाच्याच खिशातून जाताना दिसेनासं झालं की पाइपाची बाजू मांडायला कुणी उरत नाही. पंप विकणारा पंपाचा वक्र छापील पत्रकावर देतो. त्याच कागदावर गिऱ्हाईकाच्या पाइपाचा वक्र काढून दिल्याशिवाय दुसरा पंप विकता येऊ नये असं मला प्रामाणिकपणे वाटतं. दहा मिनिटांचं काम आहे. त्यासाठी सॉफ्टवेअरही लागत नाही, आणि हवंच असेल तर एपानेट नावाचं अमेरिकन सरकारी सॉफ्टवेअर १९९३ पासून फुकट मिळतं.

हे वाचून माझा एक मित्र म्हणाला, तू शेतकऱ्यांना अडाणी समजतोस. उलट आहे. अडाणी मी ठरलो. आणि आबांशी दोन दिवस बोलल्यावर मला कळलं की लोक पाइप सोडून पंप का घेतात याचं कारण गणितात नाहीच. पंप विकत घेता येतो. तो टेंपोतून येतो, जॅकवेलच्या खोलीत बसतो, नारळ फोडला की झालं. पाइप मात्र दुसऱ्याच्या रानातून न्यावा लागतो. ३६०० मीटर म्हणजे आमच्याकडे चाळीस-पन्नास बांध. प्रत्येक बांधावर एक माणूस, आणि प्रत्येक माणसाचं कुणाशी तरी १९८५ सालापासून काहीतरी राहिलेलं. पहिली लाइन गेली तेव्हाची पिढी वेगळी होती, त्यांना पाणीच नवीन होतं. आता "माझ्या रानातनं चर काढशीला तर खोडवा कोण भरून देणार" हा प्रश्न रास्त आहे. पंप ही खरेदी आहे, पाइप ही सोयरीक आहे. संस्थेला खरेदी जमते.

इकडेही हे सोपं नाही. कॅलिफोर्नियात पाइप न्यायची वाट मिळवायला वर्षं जातात, वकील लागतात. फरक एवढाच की इथे त्या भांडणाचा खर्च योजनेच्या अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून धरलेला असतो. आपल्याकडे तो धरलेला नसतो, म्हणून पाइप कागदावर महाग आणि रानात अशक्य दिसतो, आणि पंप दोन्हीकडे स्वस्त दिसतो. जमिनीच्या वाटेचा मोबदला आणि खोडव्याची भरपाई जर अंदाजपत्रकात उघडपणे लिहिली आणि तिच्याशेजारी दुसऱ्या पंपाचं दहा वर्षांचं विजेचं बिल लिहिलं, तर आमच्या संस्थेच्या सभासदांनी काय निवडलं असतं? मला वाटतं पाइपच निवडला असता. निदान निवडायची संधी तरी मिळाली असती. माझ्या चार मिनिटांच्या फोनने तीच त्यांच्याकडून काढून घेतली.

आणि फोनवर सल्ला देणाऱ्या माझ्यासारख्यांसाठी एक गोष्ट. मला त्या दिवशी फक्त एक प्रश्न विचारायचा होता, आणि त्याचं उत्तर आबा पाचच मिनिटांत काढू शकले असते. पंपाच्या डिलिव्हरीवर, नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या पुढे, एक प्रेशर गेज बसवायचा. तालुक्याच्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. पंप बंद, पाइप पाण्याने भरलेला, तेव्हा काटा बघायचा. ती नुसती उंची. मग पंप चालू, चेंबरमध्ये पाणी पडायला लागलं की पुन्हा काटा बघायचा. वाढला तो भाग घर्षण. एक किलो म्हणजे दहा मीटर. आमच्याकडे नदीची पातळी पंपाच्या चार मीटर खाली आहे, म्हणून बंद असताना काटा १ किलोवर आणि एक पंप चालताना ३.२ वर. काटा दुपटीच्याही पुढे उडी मारतोय म्हटल्यावर दुसऱ्या पंपाने काही होणार नाही हे सांगायला मीसुद्धा लागलो नसतो. हेच जर बंद असताना ५ आणि चालताना ५.४ दिसलं असतं, तर मी म्हणालो असतो, बसवा खुशाल. गेज आम्ही २०२३ च्या डिसेंबरात बसवला. पंप घेतल्यानंतर दीड वर्षाने.

पुढे काय झालं तेही सांगतो. १८०० मीटरचा जोडपाइप पडला, २०२५ च्या फेब्रुवारीत. वरचा अर्धा भाग, म्हणजे चेंबरकडचा, कारण त्या भागात बहुतेक सभासदांचीच रानं आहेत आणि रस्त्याच्या कडेने बराच जाता आलं. खोडव्याची भरपाई संस्थेने दिली, पैशांत काही आणि पाण्याच्या पाळीत काही. ही दुसरी युक्ती आबांची. मी पाइपाच्या किमतीत माझा वाटा टाकला. तो का टाकला हे आबांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. दोन्ही पंप आणि अर्धा जोडपाइप मिळून आता ८५ लिटर येतं. पाळी एकवीसवरून पंधरा दिवसांवर आली आहे. वीज अजून हवी त्यापेक्षा जास्त जाते. उरलेले १८०० मीटर नदीकडच्या बाजूला आहेत आणि तिथे दोन भावांचा वाटणीचा दावा चालू आहे.

आबा आता दर रविवारी गेजचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतात. खाली काही लिहीत नाहीत. दोन्ही पंपांवर काटा ३.७ च्या आसपास हवा, तेवढा असला की मी अंगठा पाठवतो. गेल्या महिन्यात एक फोटो आला, काटा ३.८५. मी वहीत बघितलं. दोन पंप आणि जुना एकटा पाइप असताना काटा बरोबर तिथेच होता. फोन लावला.

"आबा, जोडपाइपाचा व्हॉल्व्ह कुणी बंद केलाय का? वरचा किंवा खालचा?"

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग कुणाला तरी हाक मारल्याचा आवाज, मोटरसायकल, वीस मिनिटांनी परत फोन.

"व्हय रं. त्येच्या बांधाकडंला जोड गळाय लागला म्हणून परस्पर बंद करून बसलंय बेणं. सांगायचं तर सांगंल का न्हाई. आता जोड बदलाय माणूस धाडलाय." आणि मग, जरा थांबून, "तुला तिकडनं कसं दिसलं?"

मी म्हणालो, काट्यावर.

"बरं," आबा म्हणाले. "आता त्या म्हातारीच्या विहिरीचं बघ. मोटर तासाभरात कोरडी पडतीया. मोठी घालू का म्हणून ईचारतीया."

मी त्यांना विचारलं की विहिरीत दोरी सोडून पाणी किती खाली जातंय आणि किती वेळात परत येतंय ते दोन दिवस लिहून ठेवायला सांगाल का. म्हातारीने अजून काही लिहून पाठवलेलं नाही.